पेठेत माणूस राहता ठेवायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेतला तुमचा वाडा पुनर्विकासाला निघाला आहे. रस्ते रुंद करा, पार्किंग वाढवा, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) द्या, म्हणजे शहराचा मध्यभाग सुधारेल, असं बिल्डरपासून नगरसेवकापर्यंत सगळे सांगतात. व्हँकुव्हरला राहून आलेले तुमचे बंधू म्हणतात, तिथलं डाउनटाउन पाहा, तसं आपल्याकडे का होत नाही? आणि तुम्हाला जाणून घ्यायचं आहे की मध्यवस्ती राहण्याजोगी करणारी धोरणं खरोखर कोणती.

मी तीस वर्षांहून जास्त काळ नगररचनेत आहे. विकास आराखडे, रस्तारेषा (रस्ता पुढे कुठवर रुंद होणार ती नकाशावरची रेषा), हरकतींच्या सुनावण्या यांत माझी सारी नोकरी सरली. उत्तर पुण्याच्या पेठांपुरतं देतो, कारण तुमचा वाडा तिथे आहे आणि त्या पेठा मी पायी फिरून पाहिलेल्या आहेत.

आधी बंधूंचं व्हँकुव्हर. ते उदाहरण चांगलं आहे, पण तिथे काय झालं ते पूर्ण सांगायला हवं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या शहराच्या मध्यातून मोठा फ्रीवे न्यायचा बेत होता. चायनाटाउन आणि स्ट्रॅथकोना या जुन्या वस्त्यांनी विरोध केला आणि बेत बारगळला. फक्त दोन उड्डाणपूल झाले, आणि त्यांच्यासाठी हॉगन्स ॲली ही कृष्णवर्णीयांची वस्ती गेली. १९९१ च्या मध्यभाग आराखड्यात शहराने मोठा निर्णय घेतला: कार्यालयांसाठी राखलेलं सुमारे ८० लाख चौरस फूट बांधकाम घरांसाठी खुलं केलं. मोठ्या प्रकल्पांत सुमारे २५ टक्के घरं मुलाबाळांच्या कुटुंबांना पुरतील अशी आणि २० टक्के कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, अशी अट घातली. दाट वस्तीत मुलं वाढायची तर काय काय लागतं याची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं १९९२ मध्ये केली. उंच इमारती सडपातळ ठेवल्या आणि त्यांच्या पायथ्याशी रस्त्याकडे दार असलेली दोन-तीन मजली घरं बसवली, म्हणजे फुटपाथवरून चालणाऱ्याच्या बाजूला भिंत न येता उंबरा येतो. पुढच्या पंधरा वर्षांत मध्यभागाची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. २००४ मध्ये तिथे नवी प्राथमिक शाळा उघडावी लागली.

उणी बाजूही आहे. घरांच्या किमती एवढ्या चढल्या की तिथे काम करणाऱ्या पुष्कळांना तिथे राहणं परवडेना. आणि घरं बांधण्यात कार्यालयांपेक्षा जास्त पैसा मिळू लागल्याने, गाभ्याच्या व्यापारी भागात नवीन घरांवर २००९ मध्ये शहराला बंधनं आणावी लागली.

आता फरक पाहा. त्यांच्या मध्यभागातल्या मोठ्या पट्ट्यांत वस्ती नव्हती, ती आणायची होती. आपल्या पेठांत माणसं दोन-अडीचशे वर्षं राहत आलेली आहेत. खाली दुकान, वर घर, मागे विहीर, कोपऱ्यावर देऊळ, हाकेच्या अंतरावर शाळा आणि मंडई. आज जगभरचे नगररचनाकार नव्याने जे बसवू पाहतात, ते कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांत आधीपासून होतं. कसब्यातल्या तांबट आळीत घर आणि भट्टी एकाच छपराखाली होती. आमच्या आराखड्यांच्या भाषेत तो ‘विसंगत वापर’ ठरतो, पण त्यानेच ती आळी उभी राहिली. तेव्हा आपलं काम माणसं आणण्याचं नाही. आहेत ती जाऊ न देण्याचं आहे, आणि ते जास्त अवघड आहे, कारण माणसं एकदम जात नाहीत. एकेक खोली रिकामी होत जाते.

कशी, ते सांगतो. घाऊक भाजीबाजार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, ते योग्यच झालं. ट्रकांचा भार पेठेबाहेर गेला आणि किरकोळ बाजार राहिला. पण किरकोळ बाजारालाही माल ठेवायला जागा लागते. लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ, तुळशीबागेच्या मागचे बोळ, इथला व्यापारी वरच्या मजल्यावरची खोली कुटुंबापेक्षा जास्त भाड्याने घेतो. त्याला नळाला पाणी येतं का, संडास कुठे आहे, याच्याशी कर्तव्य नसतं. आठ बिऱ्हाडांच्या वाड्यात दोन खोल्यांची गोदामं झाली की जिन्यातला दिवा कोणी लावत नाही. टाकी धुवायला वर्गणी निघत नाही. रात्री आजोबांना बरं वाटेनासं झालं तर हाक मारायला शेजार नसतो. मग तिसरं बिऱ्हाड मुलाकडे कोथरूडला जातं, चौथं सिंहगड रस्त्याला. वाड्याचं लाकूड जुनं, जिना एकच आणि तोही लाकडी, आणि वर कापड नि प्लास्टिकचे गठ्ठे. आगीच्या दृष्टीने याहून वाईट मांडणी कल्पता येणार नाही.

म्हणून नवीन भागाचं काम हाती आलं की मी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट करत असे. रात्री नऊला बाजार बंद होताना रस्त्याने चालायचं आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजायचं. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजायचं. कुठल्याही अहवालापेक्षा मला या मोजणीने जास्त शिकवलं. तुम्ही धोरण विचारलंत, तर माझी कसोटी हीच: या नियमाने वरच्या मजल्यावरचे दिवे वाढतील की कमी होतील?

या कसोटीवर पहिलं धोरण असं की मध्यवस्तीत मजलानिहाय वापराची नोंद हवी, आणि वरच्या मजल्यांवरच्या घराचं गोदाम करायला परवानगी नको. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारायला नको. मालमत्ताकराची यंत्रणा आहेच. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर निवासी करात ४० टक्के सवलत देण्याची जुनी पद्धत आहे. ती सवलत खरोखर राहत्या घरालाच मिळते का हे तपासलं आणि निवासी म्हणून नोंदलेल्या गोदामाला व्यापारी दर लावला, तर गणित बदलेल. व्यापाऱ्याची अडचणही खरी आहे, तीही सोडवली पाहिजे. पेठांच्या कडेला सामाईक गोदामं आणि पहाटे छोट्या गाड्यांनी माल आणायची ठरलेली वेळ, एवढं केलं तर त्याला वरची खोली लागणार नाही.

आता तुमच्या वाड्याकडे येऊ. वाडे का खचले याचं कारण पावसाळ्यात शोधू नका, ते भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. युद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यक होतं, पण ते पन्नास वर्षं तसंच राहिलं. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. भाडं २० रुपये असेल तर पहिली वाढ ८० पैशांची. त्यात मालक कौलं कशी चाळणार? भाडेकरूचीही चूक नाही. तो बाहेर पडला तर त्या पैशांत शहरात कुठेच जागा मिळत नाही. दोघेही अडकले आणि मधल्या मधे वाडा कुजला. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतली बरीच कुटुंबं गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. पण तेव्हा पाण्याने जेवढी घरं रिकामी केली नसतील, तेवढी या गोठलेल्या भाड्याने पुढच्या दशकांत हळूहळू केली असं मला वाटतं.

पुनर्विकास हवाच. प्रश्न त्याच्या अटींचा आहे. जादा एफएसआय हे मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांचं गणित जुळवायचं साधन आहे, म्हणून त्याला माझा सरसकट विरोध नाही. पण सार्वजनिक सवलत म्हणून दिलेलं ते क्षेत्र पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयांत आणि शोरूममध्ये गेलं तर आपण आपल्याच हाताने दिवे विझवले. मिळालेलं जादा क्षेत्र निवासीच राहील ही अट हवी. वाडा उतरवण्याआधी प्रत्येक भाडेकरूचा नोंदणीकृत करार हवा, त्यात क्षेत्र आणि मजला लिहिलेला. आणि मधल्या काळाचं घर त्याच पेठेत किंवा शेजारच्या पेठेत. मुलाची शाळा आणि आजीचा डॉक्टर तोडून दोन-तीन वर्षं लांब पाठवलेलं कुटुंब बहुधा परत येत नाही, हक्काची जागा भाड्याने देतं. हे मी एकापेक्षा जास्त शहरांत पाहिलं. तुमच्या करारात ही कलमं आहेत का, आजच पाहा.

इथे एका तांत्रिक गोष्टीवर थोडा थांबतो, कारण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि नुकसान तिथेच होतं. पेठेतला प्लॉट अरुंद आणि खोल असतो. रस्त्याकडे तोंड वीस-पंचवीस फूट आणि मागेपर्यंत लांबी शंभर फूट, असे कितीतरी. जुने वाडे दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून उभे होते आणि उजेड-वारा आतल्या चौकातून घेत होते. आपले बांधकामाचे नियम उपनगरातला बंगला डोळ्यांसमोर ठेवून घडलेत: मध्ये इमारत, चारी बाजूंना सामासिक अंतर, म्हणजे सक्तीने मोकळी सोडलेली जागा. वीस फुटांतून दोन्हीकडे तीन-तीन फूट सोडले की चौदा उरतात. त्यात चौक बसत नाही, मग चौक जातो. आणि शेजारी शेजारी सोडलेल्या त्या तीन-तीन फुटांच्या फटीत ना उजेड येतो ना वारा. ड्रेनेजचे पाइप, एसीची यंत्रं आणि कचरा मात्र येतो. पेठांसाठी नियम उलटा हवा: बाजूचं अंतर शून्य, मधला चौक सक्तीचा, आणि इमारत जितकी उंच तितका चौक मोठा. सामाईक भिंत आग रोखणारी, जिना काँक्रीटचा आणि मोकळ्या हवेत उघडणारा. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच गणली जाते आणि तिच्या अग्निसुरक्षेच्या अटी वाढतात. बोळातल्या इमारती त्या मर्यादेच्या आत ठेवल्या तर तळमजला अधिक तीन किंवा चार मजले होतात. वाड्याच्या पटीने घरं, आणि वरच्या खिडकीतून खालच्याला हाक मारता येते.

पार्किंगबद्दल तुमचं मत वेगळं असणार हे मला माहीत आहे, तरी ऐका. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आत-बाहेर काढायची वाट धरली तर ती साधारण दुप्पट होते, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. तुमच्या वाड्यातल्या भाडेकरूंच्या दोन खोल्या याहून मोठ्या आहेत का, मोजा. नवीन इमारतीत अमुक इतकं पार्किंग हवंच, अशी सक्ती लहान प्लॉटवर केली की तळमजला खांबांवर उभा राहतो. रस्त्याकडे ओटा नाही, दुकान नाही, दार नाही, फक्त शटर आणि अंधार. अशा चार इमारती ओळीने झाल्या की त्या बोळातून रात्री मुलगी एकटी चालत नाही.

मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये नव्या इमारतींना किमान पार्किंगची सक्ती काढली आणि त्याऐवजी कमाल मर्यादा घातली. पेठांना हेच लागू पडतं. रस्त्यावरच्या जागेला मात्र तासाने पैसे घ्यावेत आणि रहिवाशांना वाजवी दरात परवाना द्यावा. पुण्यात २०१८ मध्ये सार्वजनिक पार्किंगचं धोरण मंजूर झालं होतं, गर्दीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे दर, अशी त्याची मांडणी चांगली होती. ते बरीच वर्षं प्रत्यक्षात आलं नाही, माझ्या मते पैसे कुठे जाणार हे लोकांना दिसत नव्हतं म्हणून. गोळा झालेली रक्कम त्याच पेठेच्या फुटपाथवर आणि जिन्यापर्यंतच्या दिव्यांवर खर्च होईल, असं लिहून दिलं तर विरोध उरणार नाही असं मी म्हणत नाही, पण बोलणी तरी सुरू होतील. आणि दुचाकी विसरू नका. पुण्याच्या पेठांतला निम्मा प्रश्न तिचा आहे, आणि दुचाकी ठेवायला थोडकी जागा पुरते.

रस्तारुंदीबद्दल थोडक्यात. रुंदीकरण नकाशावर एका रेषेने होतं, जमिनीवर मात्र एकेका वाड्याने. ज्याचा वाडा पडला तो मागे सरकतो, शेजारचा तिथेच राहतो. पिढ्या जातात आणि रस्त्याची कड दातेरी होते. रस्त्यातून किती वाहनं जातील हे त्याच्या सर्वांत अरुंद गळ्यावर ठरतं, त्यामुळे मधल्या रुंद खाचांत वाहतूक वाढत नाही, गाड्या मात्र उभ्या राहतात. ज्या मालकाला पुढे रस्ता येणार हे कळलं, तो दुरुस्ती थांबवतो. म्हणजे रुंदीकरण न होताही वाडे पाडण्याचं काम ती रेषा करते. जुन्या पुण्याच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. लोकांना हे कळत नाही असं समजू नये. माझं मत: पेठांतल्या आतल्या रस्त्यांवरच्या रस्तारेषा रद्द कराव्यात, अग्निशमनासाठी जिथे खरी गरज आहे तेवढे कोपरे मोकळे करावेत, आणि लहान अग्निशमन गाड्या घ्याव्यात. गाडी छोटी घेणं गल्ली मोठी करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चालण्याबाबतीत पुण्याला बाहेरून शिकायची गरज नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद असतो, मानाचे पाच गणपती जातात, लाखो लोक पायी येतात आणि शहर त्या दिवशी कोसळत नाही. दरवर्षी आपण ही चाचणी घेतो आणि दुसऱ्या दिवशी तिचा निकाल विसरतो. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात पादचारी दिन पाळला, तेव्हा म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध खुर्च्यांवर बसली होती, मुलं खेळत होती. असा दिवस महिन्यातून एकदा, मग दर रविवारी, मग रोज संध्याकाळी, अशा पायऱ्यांनी वाढवता येतो, आणि दुकानदारांना आपल्या विक्रीत काय फरक पडला हे स्वतः पाहायला वेळ मिळतो. रोजच्यासाठी भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने पदपथावर चालायला किमान १.८ मीटर अडथळामुक्त रुंदी सांगितली आहे. विजेचे डीपी बॉक्स, खांब आणि दुकानाच्या पायऱ्या सोडून १.८. पेठेतल्या पदपथांवर टेप लावून पाहा.

फेरीवाल्यांना हटवून ही रुंदी मिळवू नये. २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत. ती समिती बसवा, जागा आखा, आखलेली जागा पाळा. तुळशीबाग आणि मंडई ज्यांच्यामुळे आहे त्यांना वगळून कसला मध्यभाग?

उत्सवांचा उल्लेख केलाच आहे तर दुसरी बाजूही लिहितो, कारण मला तिची मनापासून काळजी वाटते. नारायण, शनिवार, सदाशिव पेठेतली कितीतरी वयस्क माणसं त्या दिवसांत आवाजामुळे घर सोडून नातेवाइकांकडे जातात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, व्यापारी भागाला ६५ आणि ५५. पेठा दोन्ही आहेत, म्हणून सोयीप्रमाणे व्यापारी धरल्या जातात. रात्री दहानंतर सगळ्या पेठा निवासी मानाव्यात. घर राहण्याजोगं असणं म्हणजे झोपता येणंही आहे.

मेट्रो आली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानकं चालू झाली. पेठेत मोटारीशिवाय राहणं आता पूर्वीपेक्षा खूपच सोपं आहे, आणि पार्किंगची सक्ती काढायला याहून चांगली वेळ नाही. धोका दुसरा आहे: स्थानकाभोवतीच्या ५०० मीटर पट्ट्यात जादा एफएसआय देण्याचं धोरण. पेठांत दोन स्थानकांभोवती असं वर्तुळ काढलं की किती वाडे आत येतात, हे नकाशावर एकदा करून पाहा. बाणेरच्या मोकळ्या प्लॉटसाठी योग्य असलेलं हे धोरण इथे जसंच्या तसं लावलं, तर भाडेकरूंना काढण्यासाठी आतापर्यंत नव्हतं एवढं आमिष तयार होईल. पेठांसाठी त्याची वेगळी, निवासाला बांधलेली आवृत्ती हवी, आणि ती वाडे पडायच्या आधी हवी.

तुम्ही काय करू शकता, हेही विचारलंय. नियमांत बदल प्रस्तावित झाला की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकतींना ठरावीक मुदत असते. मी शेकडो सुनावण्यांत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहे. प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात. ‘आमच्या पेठेचा वारसा वाचवा’ असं लिहिलेला अर्ज आम्ही आदराने घेत असू आणि पुढे काही होत नसे, कारण त्यात आम्हाला बदलता येईल असं वाक्य नसे. तुमच्या अर्जात नियमाचा क्रमांक लिहा, त्यातला कोणता शब्द काढायचा आणि त्या जागी कोणता घालायचा ते लिहा. सोबत तुमच्या गल्लीचा हाताने काढलेला नकाशा जोडा: प्रत्येक इमारतीचा तळमजला आणि वरचे मजले, कुठे कुटुंब, कुठे गोदाम, कुठे कुलूप, आणि रात्री नऊला कुठे दिवा. दहा इमारतींचा नकाशा दोन संध्याकाळींत होतो. बरोबर शेजारचे दोघे आणि खालचा एक दुकानदार घेऊन जा. दुकानदार रहिवाशांच्या बाजूने बोलला की सुनावणी अधिकारी पेन हातात घेतो.